तासामागून तास : लांब शर्यतीतल्या कंटाळ्याविषयी वाचकांचे प्रश्न

डवऱ्यामागं दिवसभर चाललेल्या माणसाला कंटाळा समजावून सांगावा लागत नाही. एक तास, म्हणजे पिकातली एक ओळ, संपलं की वळायचं, शेजारचं धरायचं. पलीकडचा धुरा, म्हणजे बांध, दिसतो, पण लवकर येत नाही. धावण्याच्या लांब शर्यतीत शेतातलं तास आणि घड्याळातला तास एकाच जागी येऊन बसतात. २४, ४८, ७२ तासांच्या, सहा दिवसांच्या (म्हणजे तेवढ्या वेळात जमेल तेवढं अंतर कापायच्या) किंवा रोज एक टप्पा अशा शर्यतींची तयारी करणाऱ्या वाचकांच्या पत्रांत या वेळी गुडघ्यांपेक्षा कंटाळ्याचीच तक्रार जास्त आहे. त्यातली काही पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : बारा तासांची शर्यत मी पूर्ण केली. पाय शाबूत होते, पण सातव्या तासापासून ४०० मीटरच्या त्याच त्या ट्रॅकचा असा वीट आला की रडायचं तेवढं बाकी राहिलं. आता ४८ तासांच्या शर्यतीत नाव दिलं आहे. तिथं माझं काय होईल? लोक सहा-सहा दिवस कसे फिरतात?
— एक वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, सातव्या तासाला तुम्हाला जे झालं तो कंटाळाच होता का, हे आधी तपासू. लांब शर्यतीत ‘आता नको’ या एकाच भावनेमागं चौघं असू शकतात : रिकामं पोट, ऊन, झोप आणि खराखुरा कंटाळा. चौघांचा चेहरा सारखा, औषध मात्र वेगळं. भुकेला गाणं ऐकवून उपयोग नाही आणि झोपेला गूळ चारून उपयोग नाही. म्हणून याच क्रमानं तपासत जायचं : आधी पोट, मग ऊन, मग झोप, मन सगळ्यात शेवटी.

चिडचिड व्हायला लागली, शेजारून जाणाऱ्याच्या बुटांचा आवाजसुद्धा खुपायला लागला, ‘हे सगळं कशासाठी’ असं वाटायला लागलं, की पहिला संशय पोटावर घ्या. सुपारीएवढे दोन-तीन गुळाचे खडे, म्हणजे साधारण २० ग्रॅम, आणि अर्धं केळं खा. वर शंभर-दीडशे मिलिलिटर पाणी प्या आणि १५ ते २० मिनिटं नुसतं चाला. तेवढ्या वेळात कसलाही निर्णय घेऊ नका. मन उजळलं तर ती भूक होती. पहिले पाच-सहा तास बरं वाटत असतं म्हणून माणूस खाणं पुढं ढकलतो आणि सातव्या तासाला त्याची वसुली होते. तुमचंही तेच झालं असण्याची शक्यता जास्त आहे.

डोकं जड, चेहरा तापलेला, वेग कमी करूनही धाप तेवढीच, असं असेल तर ऊन. दहा मिनिटं सावलीत थांबा, दुपट्टा भिजवून डोक्यावर आणि मानेवर घ्या, काखेत पाणी मारा. आपल्या विदर्भातली उन्हाळी हवा कोरडी असते, म्हणून इथं कूलर जसा चालतो तसाच ओला दुपट्टाही चालतो. दमट कोकणात तो एवढा कामाचा नाही. खिशातला कांदा मात्र ऊन अडवत नाही, तो जेवताना खावा. आणि पापण्या मिटत असतील, पाय आखलेल्या रेषेबाहेर जात असतील, तर झोप. १५–२० मिनिटं आडवं व्हा.

एवढं करूनही उरतो तो खरा कंटाळा, आणि वाटतो त्यापेक्षा तो थोडाच उरतो. त्याला अंतर तोडून द्यायचं. ४८ तासांत २०० किलोमीटर करायचे म्हटलं तर ४०० मीटरच्या ५०० फेऱ्या होतात. हा ५०० चा आकडा डोक्यात घेऊन सुरुवात केली की चाळिसाव्या फेरीलाच माणूस उरलेल्या ४६० मोजायला लागतो. फेऱ्या मोजणं पायाला बांधलेल्या चिपचं काम आहे, ते तिच्यावर सोडा. तुम्ही सहा-सहा तासांचे आठ पट्टे पाडा. शर्यत सकाळी सहाला सुरू होत असेल तर पहिल्या दिवशीचे चार पट्टे ३२, २४, ३० आणि २२ किलोमीटरचे. दुसऱ्या दिवशीचे २६, २०, २६ आणि २० चे. बेरीज २००. दुपारचा आणि मध्यरात्रीनंतरचा पट्टा मुद्दाम हलका ठेवला आहे, कारण त्या वेळी आकडा चुकला की मन खचतं. पट्टा संपला की वहीत रेघ मारा, तोंड धुवा, मोजे किंवा टोपी बदला. नवं तास धरलं, हे मेंदूला कळायला पाहिजे.

पट्ट्याच्या आत प्रत्येक तासाला ठरलेली कामं लावा. २५ मिनिटं धावणं, ५ मिनिटं चालणं, हे पहिल्या तासापासूनच. थकल्यावर चालणाऱ्याला ती हार वाटते, आधीपासून चालणाऱ्याला तो कामाचा भाग वाटतो. तासाच्या ठोक्याला पाणी, वीस मिनिटांनी खाणं, चाळीस मिनिटांनी पायांची चौकशी : बोटं, टाच, मांड्यांची घासण. घासल्याचं जाणवलं तर त्याच फेरीत थांबून पेट्रोलियम जेली लावा, पुढच्या फेरीवर ढकलू नका. खोबरेल तेल लवकर जिरतं, म्हणून तासाभरात पुन्हा तेच दुखणं. अशी बारीक कामं हातात असली की मन मोकाट सुटत नाही. ट्रॅकवरच्या बऱ्याच शर्यतींत दर चार किंवा सहा तासांनी फिरण्याची दिशा उलटी करतात. बाहेरच्याला ती बाब किरकोळ वाटेल. आत फिरणाऱ्याला तो सण असतो.

सहा दिवसांचं म्हणाल, तर न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रस्त्यांनी वेढलेल्या एका चौकोनाभोवती दरवर्षी ३,१०० मैलांची शर्यत होते. फेरी सुमारे ८८३ मीटरची, एकूण ५,६४९ फेऱ्या, मुदत ५२ दिवस. सकाळी सहा ते मध्यरात्री एवढाच वेळ धावायला मिळतो आणि मुदतीत बसायचं तर रोज सुमारे ९६ किलोमीटर करावे लागतात. तिथंही दिशा रोज बदलतात. ग्रीसच्या यानिस कुरोस यांनी १९९७ साली ॲडलेडला २४ तासांत ३०३.५०६ किलोमीटर केले, म्हणजे ४०० मीटरच्या ७५८ फेऱ्या पूर्ण करून वर थोडं. अनेक दिवसांच्या शर्यतीत बहुतेकांना दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात जड जातो. पुढं शरीर त्या चक्राला सरावतं. तुमची शर्यत नेमकी त्या जड जागीच संपते, हे मात्र खरं आहे.

प्रश्न : मला रोज ४०–५० किलोमीटरचे टप्पे असलेल्या पाच दिवसांच्या शर्यतीत जायचं आहे. सरावाचा रस्ता सरळसोट. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी नाहीतर तूर. समोरचं झाड अर्धा तास तिथंच दिसतं. समृद्धी महामार्ग जवळ आहे, तिथं सराव केला तर?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : समृद्धीवर पायी जायला मनाई आहे, तो विचार सोडा. कंटाळ्याच्या दृष्टीनंही तो तुमच्या रस्त्याहून वाईटच ठरेल.

सरळ रस्त्यावर दूरचं झाड बघत धावू नका. दूरची वस्तू मोठी होताना दिसत नाही, म्हणून आपण पुढं सरकतच नाही असं वाटतं. टोपीची झापड खाली ओढा आणि नजर २०–३० मीटरवर ठेवा. रस्त्याच्या कडेचं गवत, खडी, मोरी मागं जाताना दिसली की वेग जाणवतो. फक्त दर दोन मिनिटांनी मान वर करून वाहनं बघायची.

मापासाठी रस्त्याचेच दगड वापरा. राष्ट्रीय महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गाचा हिरवा. दोन दगडांच्या मध्ये कडेला २, ४, ६, ८ असे आकडे लिहिलेले छोटे दगड असतात, ते २०० मीटरचे. गवतात बुडालेले असतात, पण शोधले तर सापडतात. तुमच्या रस्त्यावर ते उरले नसतील तर विजेचे खांब धरा. दोन खांबांमधलं अंतर एकदा पावलांनी मोजून ठेवा, कारण ते सगळीकडं सारखं नसतं. मग ‘आठ खांब धावणं, दोन खांब चालणं’ असा हिशेब बसवा. तिसऱ्या-चौथ्या टप्प्याला पाय जड झाले की सहा-दोन, मग चार-दोन. गणित बदलतं, काम तेच राहतं.

वाहनांकडं तोंड करून, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेनं धावा. पण डांबरी रस्त्याला मधून कडेकडं उतार असतो, त्यामुळं उजवा पाय सतत थोडा खाली पडतो. असे पाच दिवस काढले तर दुखणं गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नाहीतर कंबरेत उमटतं. रस्ता मोकळा दिसला की थोडा वेळ मधल्या सपाट भागावर या, वाहन दिसलं की परत कडेला. सरळ रस्त्याचा कंटाळा आणि एकाच बाजूचं दुखणं ही जोडगोळी आहे. पाय जरा वेगळा पडला की दोन्ही थोडे कमी होतात.

टप्प्याच्या शर्यतीत खरा रिकामा वेळ मात्र दुपारनंतरचा. टप्पा अकराला संपला तर झोपेपर्यंत दहा तास हातात. नुसतं पडून राहिलं की उद्याच्या टप्प्याची धास्ती वाढते. पोचल्यावर अर्ध्या तासाच्या आत खाणं, मग पाय धुऊन फोड बघणं, मोजे धुऊन वाळत घालणं, दोन तास झोप, उद्याची पिशवी भरणं, जेवण, आणि नऊला दिवा बंद. क्रम रोज तोच ठेवा.

प्रश्न : कानात गाणी लावून धावलं तर चालतं का? मित्र म्हणतो, अस्सल धावपटू गाणी ऐकत नाहीत.
— एक वाचक, ता. रिसोड, जि. वाशिम

उत्तर : मित्राचं निम्मं खरं. १९७७ साली विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक या अमेरिकी संशोधकांनी मॅरेथॉन धावणाऱ्यांचा अभ्यास केला. अव्वल धावपटू बहुतांश वेळ श्वास, स्नायू, वेग यांकडं लक्ष ठेवत होते. बाकीचे मन दुसरीकडं नेत होते. पण ती बात अडीच-तीन तासांच्या धावण्याची. दोन दिवस कोणी नुसता श्वास बघत बसू शकत नाही. दर तासाला दहा मिनिटं शरीराकडं लक्ष, बाकी वेळ मन चरायला सोडलेलं, असं आलटून पालटून करा.

गाणी पहिल्या आठ तासांत लावू नका. तेव्हा गरज नसते आणि नंतर त्यांचा असर संपलेला असतो. पुढं एक तास चालू, दोन तास बंद. रस्त्यावर एकच कान. काही शर्यतींत कानात काहीही घालायला बंदी असते, नियम आधी वाचा. रात्री गाण्यांपेक्षा माणसाचं बोलणं जास्त जागं ठेवतं, म्हणून कीर्तन, मुलाखत, जुन्या सामन्याचं समालोचन भरून ठेवा. खंजिरीचं भजन संध्याकाळच्या गळलेल्या तासाला चांगलं. फक्त ठेक्याबरोबर वेग वाढतोय का, ते बघा.

प्रश्न : रस्त्यावर एकटीनं धावायची सोय नाही, म्हणून मी गावातल्या शाळेच्या मैदानालाच चकरा मारते. मैदान किती मीटरचं ते माहीत नाही, मोबाइल रोज वेगळं अंतर दाखवतो. दीड तासाच्या वर डोकं फिरतं. शिवाय एकाच बाजूचा घोटा दुखतो.
— एक वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : ताई, फेऱ्यांच्या शर्यतीसाठी हा सराव सगळ्यात जवळचा आहे, सोय नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. छोट्या चकरेत मोबाइल कोपरे कापून अंतर धरतो, म्हणून आकडा हलतो. मैदान सायकलनं मोजा. मागच्या चाकाच्या टायरवर खडूची खूण करा, खूण जमिनीला टेकलेली असताना तिथं रेघ ओढा, सायकल सरळ ढकलत खूण पुन्हा खाली येईल तिथं दुसरी रेघ ओढा आणि मधलं अंतर टेपनं मोजा. मोठ्या जुन्या सायकलचं ते २.२ मीटरच्या आसपास भरतं. मग तुम्ही ज्या वाटेनं धावता त्याच वाटेनं सायकल ढकलत चाकाचे वेढे मोजा. समजा १०० वेढे झाले, तर चक्कर २२० मीटरची. ४५ चकरा म्हणजे ९.९ किलोमीटर.

चकरा मोजायला दोन वाट्या आणि ४५ चिंचोके. दर चकरेला एक चिंचोका इकडून तिकडं. डोक्यात आकडा ठेवावा लागत नाही, आणि वाटी भरताना दिसते, ही गंमतच कामाची आहे.

घोट्याचं कारण दिशा. शाळेच्या मैदानाचे कोपरे ट्रॅकसारखे ऐसपैस नसतात, तिथं आतल्या पायाच्या घोट्यावर आणि बाहेरच्या बाजूच्या खुब्यावर ताण येतो. कोपरा रुंद घ्या आणि दर दहा चकरांनी उलटं फिरा. तरी दोन आठवड्यांत दुखणं कमी झालं नाही तर चकरा थांबवून दाखवून घ्या.

डोकं फिरतं त्यावर दोन उपाय. चार कोपऱ्यांना चार कामं वाटा : हातपंपापाशी खांदे सैल, कमानीपाशी तीन लांब श्वास, झेंड्याच्या चौथऱ्यापाशी मुठी उघडायच्या, कुंपणापाशी पावलांचा आवाज ऐकायचा. आणि आठवड्यातून एकदाच, मोबाइल घरी ठेवून, कंटाळ्याचा मुद्दाम सराव : पहिल्या आठवड्यात ९० मिनिटं, मग दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवत तीन तासांपर्यंत. एकदाच म्हटलं ते जाणूनबुजून. रोज केलं तर कंटाळा सोसण्याची ताकद वाढायच्या आधी धावायची आवडच जाते. एप्रिल-मेमध्ये हा सराव पहाटे चारला सुरू करून सातपर्यंत आटपा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीपेक्षा तुमचं मुरमाचं मैदानच बरं. पांदणीत बुटाला अर्धा किलो चिखल चिकटतो.

प्रश्न : धावपटूंसाठी मिळणाऱ्या गोड जेलची पाकिटं दहा तासांनंतर तोंडात धरवत नाहीत. घरचं काय नेता येईल? खाण्याचाही कंटाळा येतो, हे खरं का?
— एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : खरं, आणि तो सगळ्यात महाग कंटाळा. गोडाचा वीट आला की माणूस खाणं थांबवतो, खाणं थांबलं की पहिल्या उत्तरातलं सगळं सुरू होतं.

ताशी ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एक मध्यम केळं २५ ग्रॅमच्या आसपास. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकर ४० ते ४५ ग्रॅम. शंभर ग्रॅम शिजलेला भात २८ ग्रॅम, शंभर ग्रॅम उकडलेला बटाटा १८-२० ग्रॅम. अर्धा लिटर पाण्यात ३० ग्रॅम गूळ, चवीला लिंबू आणि पाव चमचा मीठ, हे घरचं सरबत कुठल्याही बाटलीच्या तोडीचं आहे. पाव चमचा मिठात सोडियम साधारण ५०० मिलिग्रॅम असतं. उन्हात ताशी ३०० ते ६०० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे त्या अर्ध्या लिटरमध्ये ते बहुतेक भागतं.

चवी फिरवत ठेवा : एक तास गोड, एक तास खारट, एक तास आंबट. खारट तासाला मऊ भात-वरण, मीठ लावलेला बटाटा, ताकातल्या ज्वारीच्या कण्या. आंबट तासाला आंबील किंवा कैरीचं पन्हं. आंबील पातळ असते, एका पेल्यात जेमतेम १५ ग्रॅम कर्बोदकं जातात. तिच्यावर केळं हवंच. भाकर पहिल्या बारा तासांत ठीक, नंतर चावायचाही कंटाळा येतो, तेव्हा ती ताकात कुस्करून द्या. तुमच्या भागातलं संत्रं हिवाळ्यातल्या शर्यतीत तोंडाला चव आणतं, पण ताकद फार देत नाही. आणि गोड चघळून तोंड आलं असेल तर झोंबतं. तेव्हा आधी मिठाच्या पाण्यानं चूळ. ठेचा, तर्री, वडे नकोत. तिखट आणि तेल धावताना पोटाला झेपत नाही.

पाणी तहानेप्रमाणं, साधारण ताशी ४०० ते ८०० मिलिलिटर. कंटाळा घालवायला म्हणून दर फेरीला घोट घोट साधं पाणी पिण्याची सवय वाईट. रक्तातलं सोडियम पातळ होतं. अंगठी घट्ट होणं, डोकं दुखणं, मळमळणं, बडबडणं आणि शर्यतीत वजन वाढलेलं दिसणं, ही त्याची लक्षणं. तिथं आणखी पाणी पाजणं धोक्याचं. पाणी बंद करून लगेच डॉक्टरकडं न्या.

प्रश्न : मागच्या शर्यतीत दुसऱ्या रात्री मला ट्रॅकच्या कडेला बैल बसलेला दिसला. जवळ गेलो तर ताडपत्री. घरचे म्हणतात चकवा लागला. पुन्हा असं झालं तर?
— एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : चकवा माणसाला रात्रभर एकाच जागी गोल फिरवतो म्हणतात. इथं तर तुम्ही प्रवेशशुल्क भरून तो लावून घेतला आहे. बैल मात्र झोपेचा. दोन रात्रींचं जागरण झालं की जागेपणीच स्वप्नाचे तुकडे आत घुसतात, त्यात अंधार आणि तेच तेच दृश्य; मेंदू रिकाम्या जागा आपल्या ओळखीच्या वस्तूंनी भरतो. दिसणं हा झोपेचा निरोप आहे. ‘ही ताडपत्री आहे’ असं तुम्हाला कळत असेल तर चालत चालत तंबूपर्यंत या. कळत नसेल, किंवा शर्यत रस्त्यावर असेल, तर तिथंच थांबायचं, सोबत्याला बोलवायचं.

शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली जातं, म्हणून दोन ते पाच हा पट्टा बिकट. दिवसभर चहा पिऊ नका, तो रात्रीसाठी राखा. एक कप चहात कॅफिन ३० ते ५० मिलिग्रॅम असतं, त्याचा असर व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून कडक चहा प्यायचा आणि लगेच वीस मिनिटं झोपायचं. उठताना झोप आणि चहा दोन्ही कामाला येतात. ४८ तासांच्या शर्यतीत पहिल्या रात्री अशी एखादी डुलकी आणि दुसऱ्या रात्री सलग ९० मिनिटं, असं ठेवा. पाऊण तासाची झोप टाळा, गाढ झोपेतून उठल्यावर अर्धा तास गुंगी राहते. विदर्भातल्या हिवाळी रात्री पारा दहाच्या खालीही जातो; घामेजलेल्या कपड्यांत झोपलात तर कुडकुडत उठाल आणि ती थंडी कंटाळ्यासारखीच ‘नको आता’ म्हणायला लावेल. कोरडा बनियन, स्वेटर, कानटोपी झोपायच्या आधी घाला. उठल्यावर पहिली दहा मिनिटं फक्त चालायचं.

प्रश्न : मोठा भाऊ ७२ तास धावणार आहे, मी त्याच्या मदतीला. तो फिरतो तरी, मी तिथं बसून काय करू? आणि त्याच्याशी काय बोलू?
— एक वाचक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : दादा, एकट्यानं ७२ तास बसू नका. दोघं असा, सहा ते आठ तासांच्या पाळ्या करा. झोपलेला मदतनीस काय कामाचा!

वही ठेवा : वेळ, काय खाल्लं, किती पाणी, लघवी कधी आणि कोणत्या रंगाची, मूड पाचपैकी किती. मूड दोनवर आला की मागचे दोन तास वाचा. बहुतेक वेळा खाण्याचा रकाना रिकामा सापडतो.

‘कसं वाटतंय?’ हे विचारू नका, त्याचं खरं उत्तर दुसऱ्या दिवशी कोणालाच नको असतं. ‘काय पाहिजे?’ हेही नको. तीस तासांनंतर निवड करणं हेच ओझं होतं. हातात दोन वस्तू धरा : भात की बटाटा? ‘थोडंच राहिलं’ म्हणू नका. त्याला हिशेब येतो. ‘पुढच्या फेरीत चहा’ असं म्हणा, आणि पुढच्या फेरीत चहा तयार ठेवा. एकदा चुकलात की भरवसा गेला.

बोलायला गावची एक मोठी बातमी निवडा आणि दर फेरीला एकच वाक्य सांगा. कापसाच्या गाडीवरून झालेलं भांडण, लग्नात रुसलेला व्याही, काहीही. ऐन जागी तोडा. तो चारशे मीटर ‘पुढं काय झालं’ याच विचारात फिरेल. पंचवीस फेऱ्या अशा निघतात, म्हणजे दहा किलोमीटर. मात्र सोबत पळू नका. मदतीची जागा ठरलेली असते, तिच्याबाहेर मदत दिली तर बऱ्याच शर्यतींत त्याला बाद करतात.

प्रश्न : सोडून द्यावं की नाही, हे कसं ठरवायचं? वडील म्हणतात, मन खंबीर असलं की सगळं होतं.
— एक वाचक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : वडिलांचा मान ठेवून सांगतो, मन खंबीर असलेलीच माणसं मूत्रपिंड बिघडवून घेतात.

फक्त ‘नको वाटतं’ एवढंच असेल तर अंधारात, उपाशीपोटी आणि खुर्चीत बसून निर्णय घ्यायचा नाही. खा, वीस मिनिटं झोपा, एक फेरी चाला, उजाडू द्या. त्यानंतरही नको वाटलं तर सोडा, त्यात लाज नाही.

पण लघवी काळ्या चहासारखी झाली, पाणी पिऊनही आठ तास झालीच नाही, छातीत दुखलं, बोलणं असंबद्ध झालं, अंग तापून भान हरपत चाललं, तर उजाडायची वाट बघायची नाही. त्याच फेरीला थांबून डॉक्टर. नडगीवर एका बोटाएवढ्या जागी दुखत असेल तर त्या पायावर एकदा उडी मारून बघा. कळ मस्तकात गेली तर हाडाला तडा असण्याची शंका घ्या आणि थांबा. आणि गावच्या दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनची गोळी शर्यतीत घेऊ नका. पाणी कमी पडलेल्या, स्नायू झिजलेल्या शरीरात तिचा भार मूत्रपिंडावर पडतो, आणि दुखणं झाकलं गेल्यामुळं थांबायची वेळही कळत नाही.

प्रश्न : शर्यत नागपूरला आहे. संपल्यावर मोटारसायकलनं ९० किलोमीटर गावी परतायचं, चालेल का?
— एक वाचक, ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर : नाही. मागं बसूनही नाही, डोळा लागला की हात सुटतो. रात्रभर तिथंच झोपा, सकाळी एसटीनं जा, आणि कंडक्टरला तुमचा थांबा आधीच सांगून ठेवा.